सल्ला: सायकलवर बाबांचा कॅमेरा न्यावा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एक वाचक, बँकेत नोकरी. डिसेंबरमध्ये चार सोबत्यांबरोबर सातारा ते कन्याकुमारी सायकलने जायचं ठरलं आहे. उंब्रज, पाटण करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर आणि मग समुद्र धरून खाली. अंदाजे 1,600 किलोमीटर, 22 दिवस. येताना तिरुवनंतपुरमहून विमान. हा प्रवास त्यांना फिल्मवर टिपायचा आहे. घरात वडिलांचा पेंटॅक्स के1000 आहे, मामांनी ऐंशीच्या दशकात मस्कतहून आणलेला. सोबत 50, 28 आणि 135 मिलिमीटरच्या लेन्स, फ्लॅश आणि चामड्याचं कव्हर. ट्रायपॉड आणि 25 रोल धरून हे सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेतीन किलोच्या वर भरलं. सोबती म्हणतात, मोबाइल आहे की, हे लोढणं कशाला? इंटरनेटवरचे जाणकार म्हणतात, खिशात मावणारा ऑटोमॅटिक फिल्म कॅमेरा घ्या, पण त्याची किंमत त्यांच्या सायकलच्या किमतीला टेकते. त्या लिहितात, 'असा प्रवास आयुष्यात एकदाच होतो, काही सुटायला नको. बाबांचा कॅमेरा तुटला तर त्यांना तोंड कसं दाखवू? आणि दुसरा घेतला तर त्यांना वाईट वाटेल. नेमका कोणता कॅमेरा नेऊ?'

तुमच्या पत्रात लेन्सचे आकडे आहेत, रोलचे आहेत, किलोचेही आहेत. कॅमेरा सायकलवर कुठे बसणार आणि तो बाहेर काढायला किती वेळ लागणार, याबद्दल मात्र एक ओळही नाही. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे, म्हणून सुरुवात तिथून करते.

सायकलवरून फोटो कसा निघतो ते डोळ्यांसमोर आणा. उतारावर सुटलेल्या असताना कडेला काहीतरी दिसतं. ब्रेक लावून थांबेपर्यंत पन्नास मीटर पुढे गेलेल्या असता. आता मागे वळायचं की जाऊ द्यायचं? कॅमेरा मागच्या पॅनियरमध्ये (कॅरियरच्या बाजूला टांगायच्या पिशवीत), जॅकेटच्या खाली, चामड्याच्या कव्हरात बंद असेल तर निर्णय तुम्ही घेतच नाही, तो झालेलाच असतो. दोन-तीन दिवस असं झालं की थांबायची इच्छाच मरते, आणि मग तीन लेन्स असलेली सायकलस्वार संध्याकाळी लॉजच्या गॅलरीतून मोबाइलवर सूर्यास्त काढत बसते. उलट, हँडलबारच्या पिशवीचं झाकण उघडताच कॅमेरा हाताला लागत असेल, तर डावा पाय टेकवून, सायकल दोन पायांत धरूनच फोटो होतो. अर्ध्या मिनिटाचं काम. तेव्हा माझी कसोटी एकच: हँडलबारच्या पिशवीत, चिक्की आणि सनस्क्रीनच्या शेजारी जेवढं मावेल तेवढंच कॅमेऱ्याचं सामान. बाकी घरी.

के1000 आणि त्याची 50 मिलिमीटरची लेन्स मिळून साधारण 800 ग्रॅम होतात. मध्यम आकाराच्या हँडलबार पिशवीत ही जोडी व्यवस्थित मावते. चामड्याचं कव्हर मात्र नेऊ नका. कोकणातल्या दमट हवेत चामडं ओल धरून ठेवतं, बुरशीला तेवढंच हवं असतं, आणि एकदा बुरशी लेन्सच्या काचेत शिरली की ती काढायला लेन्स खोलावी लागते. त्याऐवजी जुन्या योगा मॅटचे तुकडे कापून पिशवीच्या तळाला आणि चारही बाजूंना बसवा. तळाचा थर जाड हवा, कारण कॅमेऱ्याला खरा त्रास पडण्यापेक्षा सततच्या बारीक थरथरीचा होतो. तासन्‌तास हादरून लेन्सचे आणि कॅमेऱ्याच्या वरच्या प्लेटचे इवलेसे स्क्रू हळूहळू सैल होतात. मागच्या कॅरियरवर ही थरथर सगळ्यात जास्त, हँडलबारवर थोडी कमी, अंगावर सगळ्यात कमी, कारण धक्के आपले हातपाय गिळतात. म्हणून रस्ता अगदीच उखडलेला असेल तेव्हा कॅमेरा पिशवीतून काढून पट्ट्याने पाठीवर घ्या, छातीवर नको. पुढे पडलात तर कॅमेरा आणि बरगड्या दोन्ही जातील. जर्सीच्या मागच्या खिशात कधीच ठेवू नका, तिथे तो घामाने भिजतो. आणि दर दोन-तीन दिवसांनी चष्म्याच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने बाहेर दिसणारे स्क्रू तपासा. हा स्क्रूड्रायव्हर तुमच्या पंक्चर किटमध्ये सहज जातो.

आता 'काही सुटायला नको' या वाक्याकडे येऊ. मला वाटतं, साडेतीन किलोचं मूळ तिथे आहे. 28 ची लेन्स 'किल्ले पूर्ण यावेत' म्हणून, 135 ची 'कन्याकुमारीचा सूर्य मोठा यावा' म्हणून, ट्रायपॉड 'रात्रीसाठी', फ्लॅश 'असू दे' म्हणून. प्रत्येक वस्तू एका न घडलेल्या फोटोसाठी चालली आहे. सूर्याचाच हिशोब करून बघू. फिल्मवर सूर्याचा आकार लेन्सच्या फोकल लेंग्थवर, म्हणजे तिच्या मिलिमीटरच्या आकड्यावर ठरतो: 50 मिलिमीटरने निगेटिव्हवर तो जेमतेम अर्धा मिलिमीटर येतो आणि 135 ने सव्वा मिलिमीटर. निगेटिव्हची रुंदी 36 मिलिमीटर. म्हणजे ज्या फोटोसाठी 135 ची लेन्स 1,600 किलोमीटर वाहून न्यायची, त्यातही सूर्य टिकलीएवढाच दिसणार. शिवाय लेन्स बदलायची म्हणजे खाऱ्या वाऱ्यात, उडत्या वाळूत कॅमेऱ्याचं तोंड उघडं करायचं. एक वाळूचा कण शटरच्या पडद्यात गेला तर पुढचे सगळे फोटो संपले.

खरं तर तुम्हाला दुसऱ्या लेन्सपेक्षा एक रबरी लेन्स-हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी ऊन अडवणारी कड, जास्त उपयोगी पडेल. डिसेंबरात तुम्ही दक्षिणेला चालल्या आहात. त्या दिवसांत रत्नागिरीच्या आसपास भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण 50 अंशांवरच असतो, आणि असतो दक्षिणेला. सकाळी तो तुमच्या डाव्या हाताला पुढे, दुपारी थेट समोर, संध्याकाळी उजव्या हाताला पुढे. म्हणजे रोज, दिवसभर, तुम्ही उन्हाच्या तोंडावर सायकल चालवणार. पुढचा रस्ता आणि पुढे चाललेले सोबती कायम प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला, काळपट. हूड नसेल तर फोटोवर पांढरट पडदा चढेल. बहुतेक पेंटॅक्स 50 मिलिमीटर लेन्सना 49 मिलिमीटरचा हूड बसतो. तुमच्या लेन्सच्या कडेवर आकडा बघून घ्या. यातून दुसरीही गोष्ट निघते: चांगला प्रकाश तुमच्या पाठीमागे पडलेला असेल. सोबत्यांचे चेहरे उजळ हवे असतील तर तुम्हाला त्यांच्या पुढे जाऊन, वळून उभं राहावं लागेल. चढावर ते शक्य नसतं, तिथे सगळेच धापा टाकत असतात. पण चहाच्या टपरीवरून दोन मिनिटं आधी निघालात तर जमतं.

आणि उन्हाच्या तोंडावर के1000 चा उजेड मोजणारा मीटर फसतो. तो आकाश आणि जमीन यांची सरासरी काढतो, त्यामुळे आकाश जास्त असेल तर माणसं कोळशासारखी येतात. कॅमेरा आधी खाली रस्त्याकडे किंवा गवताकडे वळवा, सुई मधोमध आणा, मग वर करून फोटो घ्या. सवय झाली की यात वेळ जात नाही.

सोबत्यांचं 'हे लोढणं कशाला' मी वेगळ्या अर्थाने ऐकते. लोढणं तुमच्या सायकलवर आहे, मग त्यांना काय जड वाटतंय? त्यांना तुमच्यासाठी वाट बघत उभं राहायची धास्ती आहे. कोकणातल्या सागरी रस्त्यावर प्रत्येक खाडीशी रस्ता खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. तिथे लय तुटली की चिडचिड होते, आणि चूक कुणाचीच नसते. तेव्हा निघण्याआधी एकदा बसून बोला. फेरीबोटीच्या धक्क्यावर, चहाला, घाटमाथ्यावर सगळे थांबतातच, तिथे तुम्ही हवे तेवढे फोटो काढा. त्याशिवाय दिवसातून दोनदा तुम्ही हाक मारली की सगळे थांबतील, बाकी वेळी तुम्ही एकट्या थांबाल आणि नंतर गाठाल. तवसाळहून जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीवर तर खोळंबा ठरलेलाच असतो. बोट समोरच्या काठाला असली की यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात धक्क्यावर जेवढे फोटो मिळतात तेवढे चालत्या सायकलवरून आठवड्यात मिळणार नाहीत. मोबाइलबद्दल ते बरोबर बोलत आहेत, असं मला वाटतं. रात्रीचे, जेवणाच्या ताटांचे, घरी पाठवायचे फोटो मोबाइलनेच काढा. फ्लॅश आणि ट्रायपॉडचं काम तिथेच संपतं.

सायकलवर कॅमेरा म्हणजे वेडेपणा, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा 1923 च्या ऑक्टोबरमध्ये सायकलवर निघाले आणि पृथ्वीला फेरी मारून 1928 च्या मार्चमध्ये परतले. त्या प्रवासाचे फोटो आजही बघायला मिळतात. त्यांच्यापुढे आपला हँडलबार पिशवीचा प्रश्न फारच किरकोळ.

आता महागड्या छोट्या कॅमेऱ्याचं बघू. ज्याची एवढी शिफारस होते तो ऑलिम्पस म्यू-2 1997 चा. 135 ग्रॅम, थोडे शिंतोडे उडाले तरी चालणारा, लेन्स उत्तम. तक्रार करायला जागा नाही, एक सोडून: तो पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे आणि पाव शतकाहून जुना आहे. आतली एक पट्टी तुटली की सुटे भाग नाहीत, दुरुस्ती करणाराही हात जोडतो. के1000 चं शटर पूर्ण यांत्रिक आहे. सेल संपला तर फक्त मीटरची सुई झोपते, फोटो निघतच राहतात. तो बटनसेल एलआर44, घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळणारा. एवढंच लक्षात ठेवा की के1000 ला मीटर बंद करायचं बटन नाही, लेन्सवर उजेड पडत असेल तोवर सेल खर्च होतो. लेन्स-कॅप लावायची सवय ठेवा.

मीटर गेला तरी घाबरायचं कारण नाही. 400 चा रोल असेल (हा आकडा फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगतो) तर शटर 1/500 सेकंदावर ठेवा आणि लेन्सच्या छिद्राचा एफ-आकडा उजेड बघून बदला. कडक ऊन, एफ16. धुरकट ऊन, एफ11. ढगाळ, एफ8. झाडाच्या मोकळ्या सावलीत एफ5.6. पोफळीच्या दाट वाडीत शिरलात तर शटर 1/125 आणि एफ4. एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवा.

हे सगळं वाचणाऱ्या ज्यांच्या घरात के1000 नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मला विचाराल तर सायकलसाठी जुन्यातला सर्वांत सोयीचा कॅमेरा ऑलिम्पस ट्रिप 35. 1967 पासून निघालेला, चारशे ग्रॅमच्या आसपास, सेल अजिबात लागत नाही. लेन्सभोवतीची सेलेनियमची कडीच उजेड मोजते. फोकससाठी एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर अशी चार चित्रं आहेत, बस. जुना घेताना लेन्सवर हात ठेवून बटन दाबा. आत लाल झेंडी वर आली आणि शटर अडलं तर मीटर जिवंत आहे. नवा, वॉरंटीचाच हवा असेल तर 2024 मध्ये आलेला पेंटॅक्स 17 आहे, 290 ग्रॅमचा. तो अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे 36 च्या रोलमध्ये 72 फोटो. फोटो उभे येतात, हे आधी माहीत असावं. आणि माळ्यावर कोडॅक केबी10 किंवा याशिकाचा एखादा साधा कॅमेरा पडला असेल तर तो आधी झटकून बघा. उन्हात ते अजूनही बरे फोटो देतात, आणि तुटले तर कुणी रडत नाही. मनाली ते लेहसारख्या वाटेवर जाणाऱ्यांनी सेलवर चालणारे कॅमेरे रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्यावेत, थंडीत सेल मान टाकतात. एवढं पुरे.

रोल किती न्यायचे? तुमचे 25 रोल म्हणजे 900 फोटो, दिवसाला चाळीस. सायकल चालवून, जेवून, कपडे धुऊन दिवसाला चाळीस विचारपूर्वक फोटो कुणी काढत नाही. 12 रोल घ्या. दिवसाला वीसच्या आत बसतात आणि दोन-चार उरले तरी बिघडत नाही. एका रोलचं वजन डबीसकट साधारण 30 ग्रॅम, त्यामुळे वजनाची काळजी नाही. काळजी पैशांची आणि उन्हाची. रोल, धुलाई आणि स्कॅन यांचे पैसे एकत्र करून 36 ने भागा आणि एका क्लिकची किंमत काढा. बँकेत काम करणारीला हे शिकवायला नको. हवं तर सातच बरोबर घ्या आणि पाच आधीच मंगळुरूला पाठवून ठेवा. तिथे तुमच्या बँकेतलं कुणीतरी ओळखीचं असणारच.

रोल रंगीत निगेटिव्हचे, 200 किंवा 400 चे. स्लाइड फिल्म नको, एक्सपोजर (फिल्मवर पडणारा उजेड) थोडं चुकलं की गेली, आणि धुऊन देणारेही मोजकेच. रंगीत निगेटिव्ह जास्त उजेड खुशाल सोसते, कमी उजेड नाही. त्यामुळे शंका असेल तिथे एक घर जास्त उजेड द्या, म्हणजे एफ16 ऐवजी एफ11. 800 चे रोल उन्हाला आणि एक्स-रेला लवकर बळी पडतात, टाळा. अजून एक सावधगिरी: आपल्याकडे स्वस्तात मिळणारे बरेच रोल सिनेमाची फिल्म कापून डबीत भरलेले असतात. त्या फिल्मच्या पाठीला अनेकदा काळा थर असतो आणि तो वेगळ्या पद्धतीने धुवावा लागतो. साध्या रंगीत मशीनमध्ये ती गेली तर लॅबवाल्याची रसायनं खराब होतात आणि इतर गिऱ्हाइकांचे रोलही. विकत घेताना विचारा, आणि लॅबलाही आधी सांगा.

उष्णतेचं गणित साधं आहे. दुपारनंतरचं ऊन सगळ्यात तापलेलं असतं, आणि दक्षिणेला जाताना ते तुमच्या उजव्या अंगावर येतं. म्हणून रोल डाव्या पॅनियरमध्ये, कपड्यांच्या मधोमध ठेवा. दुपारी जेवायला थांबलात की सायकल सावलीत, हे सोबत्यांनाही पटेल. न वापरलेले रोल त्यांच्या मूळ बंद डबीतच ठेवा, त्यात ओल शिरत नाही. काढून झालेले रोल सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झिपलॉक पिशवीत. रोल गुंडाळताना शेपूट पूर्ण आत जाऊ द्या, म्हणजे दमलेल्या संध्याकाळी तोच रोल दुसऱ्यांदा भरला जाणार नाही. डबीवर मार्करने क्रमांक आणि गावांची नावं लिहा. 'गुहागर–देवगड' एवढं लिहिलेलंही दोन महिन्यांनी सोन्यासारखं वाटतं. नवा रोल भरल्यावर डावीकडची गुंडाळायची कळ पुढच्या प्रत्येक क्लिकला फिरते का, हे बघा. फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही, आणि तुम्ही रिकाम्या कॅमेऱ्याने कारवारपर्यंत जाल.

कारवारवरून आठवलं. शहराच्या दक्षिणेला हायवे नौदलाच्या तळाला लागून जातो. तिथे कॅमेरा पिशवीतच राहू द्या. मोबाइलवाल्याला फोटो पुसून सुटता येतं. तुम्हाला कॅमेऱ्याचं पाठचं दार उघडावं लागेल आणि पूर्ण रोल जाईल. आणि एक माणुसकीची बाब. मोबाइलवर फोटो काढला की माणसं लगेच बघायला मागतात. फिल्मवर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं. जाळी विणणाऱ्या आजोबांचा फोटो काढलात तर त्यांचा पत्ता वहीत घ्या आणि परत आल्यावर प्रिंट पोस्टाने पाठवा. पाठवणार नसाल तर पत्ता घेऊ नका.

परतीच्या विमानाचं मात्र मनावर घ्या. रोल चेक-इनच्या सामानात टाकू नका, त्या बॅगा तपासणारी यंत्रं जास्त तीव्र असतात. हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, डब्यांतून काढून ठेवा आणि सुरक्षा तपासणीला हाताने बघायची विनंती करा. ते ऐकतीलच असं नाही. साधा एक्स-रे एकदोनदा झाला तर 200-400 च्या रोलचं फारसं बिघडत नाही, पण नव्या पद्धतीची, सीटी स्कॅनसारखी यंत्रं फिल्मचं खरंच नुकसान करतात. त्यामुळे विनंती हसतमुखाने, थोडं लवकर पोहोचून करा. कॅमेऱ्यात अर्धा रोल ठेवून विमानतळावर जाऊ नका, तो तिरुवनंतपुरमलाच संपवा. कुणी सोबती रेल्वेने परतणार असेल तर रोल त्याच्याकडे द्या. स्टेशनवरही एक्स-रे यंत्रं असतात, पण एवढी कडक नसतात.

उरले बाबा. तुम्ही लिहिलंय की कॅमेरा तुटला तर तोंड कसं दाखवू आणि दुसरा घेतला तर त्यांना वाईट वाटेल. दोन्ही वाक्यांत बाबांच्या मनात काय असेल हे तुम्हीच ठरवून टाकलंय. त्यांना विचारलंत का? पत्रात तसं कुठेच नाही. माझा अंदाज असा की 'नेऊ का' एवढंच विचारलंत तर ते 'ने की' म्हणतील आणि विषय संपेल, तुमची धास्ती तशीच राहील. त्यापेक्षा त्यांना स्पष्ट सांगा: हा कॅमेरा बावीस दिवस हादरणार आहे, खाऱ्या हवेत राहणार आहे, मी पडले तर तोही पडेल. चोरीलाही जाऊ शकतो. तरी नेऊ? आणि त्यांना थोडं गप्प बसू द्या. ते आनंदाने हो म्हणाले तर मग जे होईल त्याचा हिशोब दोघांचा. त्यांचा चेहरा पडला, किंवा 'बघ बुवा, जपून' असं म्हणत ते कपाटाकडे बघत राहिले, तर कॅमेरा घरी राहू द्या आणि कुणाकडून ट्रिप 35 उसना घ्या. तसं झालं तर तुम्हाला वाटतं तेवढं त्यांना वाईट वाटणार नाही. बाबांच्या वस्तूला ओरखडा जाईल या भीतीने बावीस दिवस पिशवी न उघडणं, हा मात्र सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि तुमच्या पत्राचा सूर बघता तो घडण्याची शक्यता मला खरी वाटते. के1000 1976 पासून 1997 पर्यंत बनत होता, जगभर फोटोग्राफी शिकणाऱ्यांच्या हातात वर्षानुवर्षं आपटला गेला आणि टिकला. तो दुर्मीळही नाही. तुमच्यासाठी तो एकमेवच आहे, हे मला समजतं, पण तो निर्णय बाबांचा आहे.

ते हो म्हणाले तर वेळ घालवू नका. चाळीस वर्षांच्या कॅमेऱ्यात पाठच्या दाराच्या खाचेतला आणि आरशावरचा फोम हमखास चिकट होऊन गळलेला असतो. त्यातून उजेड आत शिरतो आणि फोटोवर नारिंगी पट्टे येतात. फोम बदलून घ्यायचा, शटरचे वेग तपासून घ्यायचे, लेन्समध्ये बुरशी आहे का ते टॉर्चच्या उजेडात बघायचं. यांत्रिक कॅमेरे दुरुस्त करणारे आता पुण्या-मुंबईत मोजकेच उरलेत आणि ते घाई करत नाहीत, कॅमेरा महिनाभर अडकू शकतो. म्हणून याच आठवड्यात टाका. परत आला की एक रोल भरा, कॅमेरा हँडलबारच्या पिशवीत ठेवा आणि यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन या. खराब रस्ता मुद्दाम निवडा. पहिले काही फोटो घरून निघताना काढा, काही वर, काही परत आल्यावर, आणि प्रत्येक वेळी त्याच इमारतीचा किंवा झाडाचा एक फोटो लांबून आणि एक जवळून घ्या, लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे सगळ्यात लहान एफ-आकड्यावर ठेवून. शेवटचे फोटो पहिल्यांसारखेच टोकदार असतील तर पिशवीतला फोम पुरेसा आहे. नसतील तर योगा मॅटचा आणखी एक थर. आणि पट्टा नवा घ्या; जुन्या पट्ट्याच्या कड्या आणि कॅमेऱ्याच्या कानांवरच्या रिंगा झिजल्यात का, हे दुरुस्तीवाल्यालाच बघायला सांगा.